डाव्या बाजूची खुर्ची

कानाझावा, ३ सप्टेंबर १९८६

चिगुसा,

उकाडा ओसरला आणि रातकिडे सुरू झाले, असं शेजारीण सांगते. ऋतूबद्दल यापेक्षा जास्त लिहायची मला सवय नाही, तेव्हा कामाचंच बोलते.

पंचवीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय ती गरज पडली म्हणून. तू ओसाकाच्या त्या मोठ्या सभागृहात लोकांना जागा नेमून देण्याचं काम करतेस, असं तुझ्या मावशीकडून कळलं. चांगलं झालं. प्रत्येकाला काहीतरी जमतंच.

हारुओमी येतोय. चटया विणणाऱ्या सेगावाचा मुलगा, तुझ्याच बरोबर माझ्याकडे शिकायचा तो. एकोणीस वर्षांनी जर्मनीहून येतोय आणि २ नोव्हेंबरला तुमच्याकडे पियानो वाजवणार आहे. दुसऱ्या भागात तो संथ तुकडा आहे. दोन हिवाळे माझ्या घरी बसून त्यानं तो घोटला होता, बोटांना भेगा पडेपर्यंत. मला तो ऐकायचाय.

आता जे लिहितेय ते तुझ्या आईलाही सांगायचं नाही. माझा डावा कान ठार बहिरा आहे. एका हिवाळ्यात शिकायला येणाऱ्या कुठल्याशा पोरामुळं मला गालगुंड झालं. बावन्नाव्या वर्षी गालगुंड! ते उतरलं तेव्हा कान घेऊन गेलं. लाजेनं कुणाला सांगितलं नाही. उजव्या कानावर इतकी वर्षं निभावलं, पण आता तोही चाललाय. वसंतापर्यंत राहील, असं डॉक्टर म्हणतात, आणि तोंड माझ्याकडं न करता बोलतात, म्हणजे तेही मला अंदाजानंच कळलं.

तेव्हा मला खालच्या मजल्यावर, पुढच्या ओळींत, डाव्या बाजूची खुर्ची हवी. तिथे बसलं की रंगमंच उजव्या हाताला येतो. हारुओमीला कळता कामा नये. त्यानं तिकडच्या वर्तमानपत्रांना सांगून ठेवलंय की माझ्या बाईंना तारांवर बसणारी धूळसुद्धा ऐकू येते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे पत्र उत्तरासोबत परत पाठव. माझी पत्रं दुसऱ्यांच्या घरात पडून राहिलेली मला आवडत नाहीत.

कुवाबारा तोयो


ओसाका, ९ सप्टेंबर १९८६

आदरणीय बाई,

पाकिटावरचं अक्षर बघून मी जिन्यातच बसले. बेचाळीस वर्षांची बाई, पण पाकीट फोडण्याआधी हात धुऊन आले, सतराव्या वर्षी धड्याला बसण्याआधी धुवायचे तसे.

तुमचं काम नक्की करीन. या सभागृहात एकूण सोळाशे ऐंशी खुर्च्या आहेत आणि मी प्रत्येकीवर बसून ऐकलेलं आहे. अठरा वर्षं लागली. तालीम असेल त्या दिवशी एखादी खुर्ची, आणि वहीत नोंद. सज्जाखाली बाराव्या ओळीच्या मागं आवाज उशी ठेवल्यासारखा दबतो. मधल्या रांगांना लोक हपापतात, पण तिथे नुसता गोडवा असतो, कंगोरे मिळत नाहीत. तुम्हाला हवी ती सहाव्या ओळीतली आठवी. पियानोवाल्याचे हातही दिसतात, म्हणून तिथली तिकिटं पहिल्या तासातच संपतात. ती मी बाजूला काढून ठेवलीय.

एक विचारू का? कोणत्या हिवाळ्यात झालं होतं हो गालगुंड? मी तुमच्याकडे येतच होते तेव्हा, आणि आम्हाला कुणालाच कसं कळलं नाही, याचं नवल वाटलं.

तुमचं पत्र सोबत परत पाठवते आहे. आई बरी आहे, मुळ्याचं लोणचं पाठवू का, म्हणून विचारते.

तुमची,
इरिये चिगुसा


कानाझावा, १५ सप्टेंबर १९८६

चिगुसा,

सहावी ओळ, आठवी खुर्ची. पाठ करून ठेवलं.

सोळाशे खुर्च्यांवर बसलीस, हे वाचून हसू आलं. तुझ्या आईला मी तेव्हाच सांगितलं होतं, पोरीला कान आहे पण हात नाहीत. बघ, खरं ठरलं की नाही? तुझा उजवा हात बरा चालायचा, डावा मात्र मुका. तीन वर्षं मी वाट बघितली, त्यातून एक शब्द फुटला नाही. शेवटी सगळ्यांसमोर सांगावं लागलं. तू रडलीस, आईनं पियानो विकला, आणि तुझं भलंच झालं. नाहीतर आज कुठल्या तरी बालवाडीत पोरांना नाचवायला वाजवत बसली असतीस.

गालगुंड झालं १९६१ च्या फेब्रुवारीत. छपरापर्यंत बर्फ होता. तूच तर दाराशी तांदळाची पेज ठेवून गेली होतीस. विसरलीस? मार्चमध्ये मी पुन्हा शिकवायला बसले. कुणाला पत्ता लागला नाही.

लोणचं नको. दात राहिले नाहीत.

तोयो


ओसाका, २ ऑक्टोबर १९८६

आदरणीय बाई,

उत्तराला उशीर झाला. मी हिशेब करत होते.

तुम्ही मला सगळ्यांसमोर उठवलंत तो दिवस १८ जून १९६१. गालगुंड फेब्रुवारीतलं. म्हणजे चार महिने आधी. तुम्ही नेहमी माझ्या उजवीकडे, खिडकीपाशी बसायचात. म्हणजे तुमचा डावा कान माझ्याकडे असायचा. हारुओमी हातोडीसारखा डावा हात आपटायचा, तो पाठीमागून, भिंतीवरून, कुठूनही तुमच्यापर्यंत पोहोचला असेल. मी हलकं वाजवायचे. 'हलकं वाजव, डावा हात म्हणजे ओरडणारी म्हातारी नव्हे', हे तुम्हीच तर शिकवलं होतं मला.

फेब्रुवारीपूर्वी तुम्ही माझ्या डाव्या हाताबद्दल एकदाही काही बोलला नव्हतात. माझ्या वहीत प्रत्येक धड्यानंतरचा तुमचा शेरा लिहिलेला आहे. ती वही अजून आहे. पियानोच्या जागी आईनं शिवणयंत्र ठेवलं, तेही अजून आहे. तुम्ही म्हणता तीन वर्षं वाट बघितली. बाई, तुम्ही चार महिने वाट बघितलीत, आणि तीही बहिऱ्या कानानं.

असो. आता आनंदाची बातमी. सेगावासाहेबांच्या गुरू येताहेत हे आमच्या संचालकांच्या कानावर मी घातलं. ते फार हरखले. जर्मनीला फोन केला तर सेगावासाहेब फोनवरच रडले म्हणे. त्यामुळे सहाव्या ओळीतली खुर्ची आता सोडून दिली आहे, आणि तुमच्यासाठी पहिल्या मजल्यावरचा मानाचा सज्जा ठरला आहे, अगदी रंगमंचाच्या डोक्यावर. मंत्री आले तरी तिथेच बसतात. छातीला रेशमी फूल लावतील.

डाव्या बाजूलाच आहे. तुम्ही डावीच मागितली होती ना? फक्त तिथल्या खुर्च्यांची तोंडं रंगमंचाकडे नाहीत, समोरच्या भिंतीकडे आहेत. त्यामुळे रंगमंच डाव्या हाताला येतो. उजवा कान तिकडे करायचा तर सगळ्या सभागृहाकडे पाठ करून बसावं लागेल.

तुमची,
चिगुसा


कानाझावा, ६ ऑक्टोबर १९८६

चिगुसा,

सज्जा नको. ताबडतोब रद्द कर.

माझ्याकडे चाळीस मुली येऊन गेल्या. कुणाला कोणत्या कानानं ऐकलं, हे लक्षात ठेवायला मी काय यमाचा कारकून आहे? तुझ्यात दम असता तर दुसरीकडे जाऊन शिकली असतीस. एका बाईनं नको म्हटलं म्हणून जिचा हात कायमचा थांबतो, तिचा हात मुळात चालतच नव्हता.

मला एकदाच ऐकायचंय. एकदाच. त्या तुकड्यात मधे एक जागा आहे, डावा हात एकटाच खाली उतरत जातो, अंधारात जिना उतरावा तसा. ती जागा हारुओमीला जमत नव्हती. मी त्याला दोन हिवाळे त्या जिन्यावरून चढवलं, उतरवलं. आता जमते, असं त्यानं लिहिलंय. वसंतानंतर मला कुणी ओरडूनही सांगू शकणार नाही की जमते.

तुला माफी हवी असेल तर घे. तुझा डावा हात बोलत होता. घे. वाटेल त्याला दाखव हे पत्र, पण मला खालची खुर्ची दे.

तोयो

ता.क. दाखवू नकोस. परत पाठव.


ओसाका, १० ऑक्टोबर १९८६

आदरणीय बाई,

हे आणि आधीचं, दोन्ही पत्रं परत पाठवते आहे. सांगितलेलं मी ऐकते, ती सवय तुमचीच.

सज्जा रद्द करायचा तर संचालकांना काय कारण सांगू? मानाची जागा नको म्हणणाऱ्या पाहुण्याला कारण द्यावंच लागतं. पाय दुखतात म्हणावं तर लिफ्ट आहे. गर्दी नको म्हणावं तर सज्जात तुम्ही एकट्याच असाल. खरं कारण सांगू का? तुम्ही हो म्हणा, मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते, आणि सहाव्या ओळीतली खुर्ची ज्यांनी घेतली त्या गृहस्थांच्या हातापाया पडून परत आणते. निवड तुमची आहे.

काही कळवलं नाहीत तर सज्जा पक्का समजते. गाडीचं तिकीट सोबत आहे. स्टेशनवर आमचा माणूस येईल.

एक रिवाज सांगून ठेवते. मानाचा पाहुणा असला की त्यानं टाळी वाजवल्याशिवाय आमच्याकडे लोक टाळी वाजवत नाहीत. कुणी सांगत नाही, पण अवघं सभागृह वाट बघतं. तेव्हा प्रत्येक तुकडा संपला की सुरुवात तुम्हीच करायची.

तुमची,
चिगुसा


ओसाका, ५ नोव्हेंबर १९८६

आदरणीय बाई,

तुम्ही कार्यक्रम संपताच निघून गेलात. स्टेशनवर सोडायला गेलेला आमचा माणूस म्हणाला, आजीबाई सबंध वाटभर हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि हारुओमीकडे नाही, तुमच्याकडेच बघत होते. हेच बघायचं होतं मला. छातीला फूल, पाठ ताठ, आणि काही ऐकू येत नसताना योग्य जागी मान हलवणारी बाई. पहिल्या भागात तुम्ही त्याच्या हातांवरून अंदाज बांधलात, हात वर गेले की टाळी. एकदाही चुकला नाहीत. मला राग आला, हे कबूल करते. मनात म्हटलं, हिला बहिरेपणसुद्धा जमतं.

मग तो संथ तुकडा. बाई, तुम्ही लिहिली होती ती जागा आली. डावा हात एकटा खाली उतरला. अठरा वर्षांत त्या सभागृहात असं काही मी ऐकलेलं नाही. तो तळाला पोहोचला आणि थांबला. हात मांडीवर ठेवले, मान खाली. तुकडा संपला नव्हता, ती नुसती शांतता होती, सोळाशे ऐंशी माणसं श्वास धरून बसली होती. मला तेव्हा लक्षात आलं की तुम्हाला हे संपल्यासारखं दिसणार. मी सज्जाकडे धावले. सव्वीस पायऱ्या आहेत. अर्ध्यावर असताना तुमची टाळी ऐकली.

एकच. पुढची वाजवायच्या आधी तुम्हाला कळलं असणार, कारण कुणीच साथ दिली नाही.

लोकांना वाटलं, म्हातारीला राहवलं नाही. पण ती टाळी कुठली, हे त्या सभागृहात तुमच्याखेरीज आम्हा दोघांनाच माहीत होतं. तुमच्या घरी खिडकीकडून एक टाळी आली की हात उचलायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचं, का म्हणून विचारायचं नाही. हारुओमीनं मागं वळून पाहिलं नाही. त्याची मान लाल झाली. त्यानं तो तुकडा पहिल्यापासून सुरू केला. बेचाळीस वर्षांचा माणूस! भिंतीला धरून मी सगळं ऐकलं. दुसऱ्या वेळी त्या जिन्यावर त्याचा हात तीनदा चुकला. संपवून तो उठला तो सरळ आत गेला, नमस्कारही केला नाही. टाळ्या कुणी वाजवायच्या हेच लोकांना कळेना.

आत तो मला एवढंच म्हणाला, "बाईंना काहीतरी खटकलं. बाईंना खटकलं म्हणजे चुकलंच असणार. काय चुकलं, तेवढं सांग ना ग." तोक्योचे पुढचे दोन्ही कार्यक्रम त्यानं रद्द केले आहेत.

मी तुम्हाला छळायला निघाले होते. त्याला नव्हे, त्या तुकड्याला तर नव्हेच. मला क्षमा नको आहे. तुम्ही त्याला दोन ओळी लिहा की ऐकू आलं नाही म्हणून टाळी वाजवली. एवढंच लिहा. माझं नाव घातलंत तरी चालेल.

चिगुसा


कानाझावा, १९ नोव्हेंबर १९८६

चिगुसा,

लिहायची गरज उरली नाही. हारुओमी इथेच आहे. आठ तारखेला सकाळी दारात उभा. हातात छत्री नाही, डोकं भिजलेलं, अगदी लहानपणी यायचा तसा. म्हणाला, "बाई, काय चुकलं?"

मी सांगायला तोंड उघडलं होतं, खोटं बोलत नाही. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. जगातल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी शाबासकी दिलेला माणूस, आणि माझी एक टाळी त्याला जर्मनीऐवजी माझ्या दारात घेऊन आली. हे मोडून त्याला काय देऊ? एक बहिरी म्हातारी?

म्हटलं, "तुझं तुला कळत नसेल तर बस आणि वाजव."

जवळच्या खाणावळीत खोली घेतलीय त्यानं. रोज दहाला येतो. हंगामातला पहिला खेकडा घेऊन आला होता, सोलून पण दिला.

मी आता खिडकीपाशी बसत नाही. त्याच्या डावीकडे बसते, पियानोपासून दोन हातांवर, उजवा कान त्याच्या बाजूला. सगळं ऐकू येतं. तुझ्या वहीत सोळाशे ऐंशी खुर्च्या असतील, पण ही नाही.

तुझी चारही पत्रं मी जपून ठेवली आहेत. माझं एकही तुझ्याकडे नाही, हे लक्षात असू दे. हेही परत पाठव.

तोयो


ओसाका, १ डिसेंबर १९८६

आदरणीय बाई,

हे शेवटचं पत्र तुमचं तुम्हाला परत पाठवलं. का पाठवलं, मलाच कळत नाही. टपालपेटीत टाकल्यावर मी पेटीशी उभी राहून रडले.

हारुओमीला मी सगळं लिहिलं आहे. गालगुंड, डावा कान, सज्जा, आणि मी ते मुद्दाम केलं, हेही. संचालकांनाही सांगितलं. त्यांनी मला राजीनामा द्यायला सांगितला, तो मी दिला. आता मला लपवायचं काही राहिलेलं नाही. पत्र त्याच्या खाणावळीच्या पत्त्यावर पाठवलं आहे. त्यानं तुमच्याकडून उठून जावं आणि पुन्हा वाजवावं, एवढीच इच्छा आहे. त्याला जानेवारीत व्हिएन्नाला जायचं आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?

तुम्ही माझा हात थांबवलात तेव्हा तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आता येतंय. आता तरी नका थांबवू.

चिगुसा


कानाझावा, १४ डिसेंबर १९८६

चिगुसा,

बर्फ सुरू झाला. तुझं पत्र मिळालं हारुओमीला. खाणावळीत उघडलं नाही त्यानं, इथे घेऊन आला आणि माझ्यासमोर फोडलं. लहानपणापासून तो माझ्यापासून काही लपवत नाही.

दोनदा वाचलं. मग घडी घालून म्हणाला, "चिगुसाचा राग अजून गेलेला नाही, बाई. इतकी वर्षं! बिचारी नोकरीतूनही निघाली म्हणे, डोक्यावर परिणाम झाला असेल." माझ्याकडं बघत होता, मी काहीतरी म्हणेन म्हणून. त्याच्या डोळ्यांत तेव्हा शंका होती, अगदी नखभर. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "त्या पोरीचा कान चांगला होता. हात नव्हते. अशांचं असंच होतं." त्यानं मान डोलावली. पत्र शेगडीत घातलं.

व्हिएन्नाला येत नाही म्हणून त्यानं कळवलंय. मी सांगितलं नव्हतं.

तू राजीनामा द्यायला नको होतास. खुर्च्यांचं काम तुला खरंच जमत होतं.

आज त्यानं तो तुकडा वाजवला. बोटांना पुन्हा भेगा पडल्या आहेत, पट्ट्या बांधून वाजवतो. डावा हात खाली उतरला, तळाला गेला, शांतता झाली, आणि मी ती सबंध ऐकली, चिगुसा, शेवटच्या कणापर्यंत. मग तो वर आला आणि त्यानं संपवलं. एकही चूक नव्हती. असं पुन्हा कुणी वाजवणार नाही, तोही नाही. हात मांडीवर ठेवून तो वाट बघत बसला. "शाब्बास" म्हटलं असतं तर तो संध्याकाळच्या गाडीनं गेला असता, आणि वसंताला अजून तीन महिने आहेत.

मी टाळी वाजवली. त्यानं पहिल्यापासून सुरू केलं.

तोयो